पाच पायऱ्या

भिंतीला पाठ लावून ती तोंडावर हात ठेवून उभी होती. सरांचा नियमच तसा होता. ज्याच्या कागदाची परीक्षा, त्याने तोंडावर हात ठेवायचा, अवाक्षर काढायचं नाही. लिहिणारा काही कागदासोबत वाचणाऱ्याच्या घरी जात नाही, असं सर पहिल्या तासापासून बजावत आले होते.

कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत सूचना लिहायला शिकवणारा हा तास आधी सगळ्यांना फुकटचा वाटला होता. मग आला रोबो. रोबो म्हणजे वर्गातला एक उंच, आळशी मुलगा. अक्कल खिशात ठेवून कागदावर असेल तेवढंच करायचं, हे काम त्याला इतकं जमलं की नाव कायमचं चिकटलं. मागच्या आठवड्यात एकाने दिवा कसा बदलावा ते लिहिलं होतं आणि जुना दिवा काढायला सांगायचं विसरला होता. रोबो नवा दिवा हातात धरून दहा मिनिटं खुर्चीवर उभा राहिला. वर्ग हसून हसून लोळला.

आज तिचा कागद होता. वीज गेल्यावर आजोबांची ऑक्सिजनची नळी मशीनवरून काढून सिलिंडरला कशी लावावी. पायऱ्या पाच. सिलिंडर म्हणून सरांनी तिचीच पाण्याची उंच बाटली टेबलावर ठेवली होती, मशीन म्हणून एक खोकं.

कागद वर्गासाठी होता आणि नव्हताही. त्याचीच दुसरी प्रत आज सकाळी तिने आजोबांच्या खाटेशेजारी चिकटवली होती. दुरुस्तीसाठी घर-कॉलेजच्या सगळ्या भागात अकरा ते एक वीज बंद राहील, अशी सूचना आली होती. आई कामावर. घरी आजोबा आणि त्यांना सांभाळायला परवाच लागलेल्या बाई. बाई परक्या देशातल्या, त्यांना घरची भाषा येत नव्हती. दोघींना येणारी भाषा एकच, इंग्रजी, आणि तीही मुलीच्या बाजूने लंगडी. बोलण्यात त-त-प-प होतं म्हणून तिने आठवडाभर खपून लिहून काढलं होतं. निघताना बाईंना निक्षून सांगितलंही होतं, कागदावर आहे तेवढंच करा, बाकी कशाला हात लावू नका.

रोबोने खोकं बंद केल्यासारखं केलं. नळी काढली, बाटलीला लावली, दुसरं टोक स्वतःच्या नाकाशी धरलं. पाचवी पायरी होती चकती फिरवून हवेचा आकडा दोनवर नेण्याची. त्याने बोटाने हवेतच काहीतरी फिरवलं आणि झालं म्हणाला. ती तोंडावरच्या हातामागे हसली. पहिल्यांदाच कुणाचा कागद न अडता पार पडला होता.

सर मात्र बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी तिला विचारलं, घरी सिलिंडर उघडाच असतो का?

बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं होतं.

सिलिंडरच्या डोक्यावर चावी असते. ती फिरवल्याशिवाय हवा सुटत नाही. रोज सकाळी ती स्वतः चावी फिरवून बघायची आणि पुन्हा बंद करायची. इतक्या सवयीने, की लिहिताना ती आठवलीच नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दोन मिनिटं कमी होती.

नियम मोडून ती दाराशी धावली. तिथल्या डब्यात सगळ्यांचे फोन बंद करून ठेवलेले असत. तिचा तळाशी होता. तिने डबाच जमिनीवर उपडा केला. बटण दाबलं. फोन त्याच्या नेहमीच्या सवडीने जागा होऊ लागला. पडद्यावर कंपनीचं चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला. हळूहळू पाती वेगवेगळी दिसायला लागली आणि मग थांबली. घरचा नंबर दोनदा चुकला.

बराच वेळ घंटी वाजत राहिली. शेवटी बाईंनी फोन उचलला. मुलगी आपल्याच भाषेत चावी, चावी म्हणत सुटली. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या सावकाश इंग्रजीत सांगू लागल्या, वीज गेली आहे, पाचही पायऱ्या केल्या आहेत, दोनदा तपासल्या आहेत.

"फक्त एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "तुझे आजोबा सारखी मूठ फिरवून दाखवतायत, कुलूप उघडावं तशी. त्यांना बोलवत नाहीये. कागदावर तसं काही नाही, म्हणून मी हात लावला नाही."

मुलीने डोळे मिटले. सर शिकवायचे, एका वाक्यात एकच काम.

"कागद सोडा," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांच्या हाताकडे बघा. सिलिंडरच्या डोक्यावर चावी आहे. ती तशीच फिरवा."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच ऐकू येईना. तिने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. पंखा बंद, सर टेबलाची कडा धरून उभे.

टेबलापाशी रोबो, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पायरीत लिहिलं नव्हतं, बाटलीचं झाकण हळूहळू फिरवत होता.