सुटलेलं पिंप

"खिळा ठोकलास तर बघ!" सफाईवाली म्हणाली आणि झाडू आडवा धरून पिंपासमोर उभी राहिली.

सुतार बिचारा मागे सरला. संचालकांच्या हुकमावरून तो खिळे आणि सरस घेऊन आला होता. वाइनच्या संग्रहालयातलं हे सगळ्यात मोठं लाकडी पिंप दोन वर्षं कोरडं पडलं होतं. फळ्या आकसल्या होत्या, त्यांना आवळून धरणारी लोखंडी कडी ढिली झाली होती, फटींतून पलीकडची खिडकी दिसत होती. खाली मात्र पितळी पाटी लखलखत होती : 'या भागातल्या शेवटच्या पिंप-कारागिराचं शेवटचं काम'. तो कारागीर म्हणजे तिचे वडील. त्यांच्याकडे बघून तिला ही नोकरी दिली, हे संचालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

संचालक तणतणत आले. "मावशी, काय तमाशा आहे हा?"

"खिळा शिरला की पिंप कायमचं बाद, साहेब. त्याला पाणी हवंय. फळ्या फुगल्या की फटी आपोआप बुजतात."

"दालनात पाणी? व्हा बाजूला, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत."

तिने झाडू त्यांच्याच हातात दिला. सुताराचा हातोडा घेतला आणि पिंपाभोवती फिरत एकेक कडं ठोकून घट्ट बसवलं. मग बादल्या ओतायला लागली. पाणी चहूकडून धो धो बाहेर आलं, संचालकांचे बूट भिजले. त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली, पण तो नळावर दुसरी बादली भरत होता. प्रेक्षक हलायला तयार नव्हते. ती ओततच राहिली. दुपारपर्यंत धारा बारीक झाल्या, नुसते थेंब उरले, आणि मग तेही थांबले. पिंप काठोकाठ भरून उभं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून संचालक विरघळले. "मानलं तुम्हाला! शेवटी वडिलांचंच रक्त. पाटीवर तुमचंही नाव घालू या, त्यांची मुलगी म्हणून."

तिने पदराला हात पुसले.

"शिक्का मी त्यांचा मारायची, कारण बाईचं पिंप कुणी घेत नव्हतं. बाबांचे हात लुळे पडले, साहेब, तेव्हा या फळ्यांचं झाड अजून रानात उभं होतं."