वाटीभर तरंगती पानं

बायकोच्या तेराव्याला भावजयीनं आमची भेस्तानची खोली धुतली, तेव्हा माशांच्या पेटीतली तरंगती पानंबी शेवाळ समजून गटारात फेकली. बायकोनं हौसेनं वाढवलेली होती ती. त्यांच्या सावलीतच तिचे गप्पी मासे फिरायचे. आता उघड्या पाण्यात बिचारे कोपरा धरून बसले, दाण्याला तोंड लावेनात. आज शेजारच्या मालतीबाई दारात आल्या, हातात आमचीच स्टीलची वाटी. "भाऊ, वहिनींनी गेल्या वर्षी हिच्यात पानं दिली होती. रिकामी वाटी कशी परत करू, म्हणून राहिली." आत तीच पानं, मुळ्यांसकट. "वाटी भरायला वर्ष लागलं का तुम्हाला?" मी खेकसलो. पानं पाण्यावर सोडली. मासे कोपरा सोडून त्यांच्याखाली आले. मी दाणे टाकले. "खा रे आता," म्हटलं. रोज बायको आधी त्यांना असं म्हणायची, मग मला. मासे जेवले. मी ताट घेऊन थांबलो.