गुढीची काठी

गाडीचं पुढचं चाक फळीवर चढलं आणि दिनानाथांनी हँडब्रेक ओढला. जुन्या दिवाणाची फळी, तिच्यावर उभा ठोकलेला पाइपचा तुकडा, पाइपात बांबू, आणि बांबूच्या शेंड्यावरून दोन्ही अंगांना उतरलेली एरियलची तार. सगळं घरी केलेलं. विचुंब्याच्या माळावर ते सरळ उभं राहिलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

बांबू मात्र गुढीचा होता. प्लॅस्टिकचे पाइप एकामागून एक माना टाकत गेले, तेव्हा त्यांनी तो बायकोकडे मागितला. सत्यवतीबाई आधी नाहीच म्हणाल्या. पण सोसायटीला गच्चीवर गुढी चालते, एरियल चालत नाही, म्हणून हा माणूस वर्षभर तोंड पाडून बसलाय, हेही त्या पाहत होत्या. शेवटी एका अटीवर बांबू मिळाला: गुढीसारखाच तो सूर्य मावळायच्या आत उतरवायचा. दिनानाथ आनंदाच्या भरात हो म्हणून बसले. नागपूरच्या दयारामचा, त्यांच्या जुन्या दोस्ताचा, आवाज दिवस मावळल्याशिवाय रेडिओवर धड येत नाही, हे जन्मभर हॅम रेडिओवर दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारलेल्या माणसाला तेव्हा आठवू नये!

जमिनीचा मालक आनंदा बांधावर येऊन थोडा वेळ बघत राहिला.

"काका, त्या दोस्ताकडं मोबाईल नाय काय?"

आहे, रोज बोलतो, असं दिनानाथ म्हणाले. पण फोनवर दयाराम गोळ्यांची नावं सांगायचा. रेडिओवर भेटला की पुन्हा पंचविशीतला व्हायचा. आज नाही जमलं तर रेडिओचा सेट कुणाला तरी देऊन टाकायचा, असं ते घरून निघताना म्हणाले होते, आणि ते गमतीत म्हणाले नव्हते.

सूर्य सुकापूरच्या इमारतींमागे टेकला. सेटमधून नुसती खरखर येत होती. दिनानाथांनी एकदा गाडीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि उठून तार ताणून धरलेल्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

"थांबा."

सत्यवतीबाई गाडीतून उतरल्या. पर्समधून घरूनच बांधून आणलेली पुडी काढली. बांबूला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. मग पूजा आटोपल्यावर देव हलवतात तसा दोन्ही हातांनी बांबू पाइपातल्या पाइपात जरासा हलवला.

"झाली गुढी उतरवून," त्या म्हणाल्या. "आता ही नुसती काठी आहे. बसा तुम्ही."

अंधारत गेलं तशी खरखर निवळली, आणि तिच्यातून एक आवाज वर आला.

"दिन्या, आहेस का रे?"

दिनानाथ माइक हातात धरून तसेच बसले.

फळीवर अख्ख्या गाडीचा भार होता, काठी धरायची काही गरज नव्हती. तरी सत्यवतीबाईंनी हात काढला नव्हता.

"बोला की," त्या म्हणाल्या. "मी धरलीये."