न तोडलेला कॉल

"भेटीत तीन मिनिटांत पुस्तक सांगा," असं प्रकाशकांनी कळवलं होतं. कुमुदने कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आठवणी पाच वर्षं खपून लिहिल्या होत्या. पण सांगायला बसली की अर्धा तास जाई. तिने इंदुमतीला फोन केला. तरुणपणी दोघी शेजारी बसून तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल जोडायच्या.

"ऐक हं," म्हणून कुमुदने नेमणुकीच्या पत्रापासून सुरुवात केली.

"तीन मिनिटं झाली!" इंदुमती जुन्या सुरात म्हणाली. दोघी खूप हसल्या. "अगं, ती बाई आठवते? बाळ गेल्याचं मुंबईतल्या नवऱ्याला सांगायला आलेली? तिला शब्दच फुटेना, आणि तू लाइन तोडली नाहीस."

"मेमो मिळाला मला त्याचा. म्हणून पुस्तकात घेतलं नाही."

"तेच घे."

कुमुदने सुरुवातीची चाळीस पानं काढली आणि तिथे ती बाई आणली. भेटीतही तेवढंच सांगितलं.

"मग बोलली ती?" प्रकाशकांनी विचारलं.

"नाही. त्याला कळलं. सतरा मिनिटं दोघं नुसती रडत होती. मी लाइन धरून बसले होते."

प्रकाशकांनी हस्तलिखित जवळ ओढलं.