तीन मजले

"काका, काकू गेटपाशी पडल्यात!" तळमजल्यावरच्या तावड्यांची सून ओरडली, तेव्हा त्र्यंबकराव तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. युरिक ॲसिड वाढून उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नव्हता. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून पावसाळ्यापासून बाहेरची सगळी कामं त्यांची बायको कुमुदच करायची.

कठड्याला धरून त्यांनी खाली पाहिलं. कुमुद हलत नव्हती.

"आलो, आलो मी!" म्हणत ते जिन्याकडे निघाले. पहिलीच पायरी उतरताना गुडघ्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग ते खाली बसले आणि लहान मुलासारखे बसल्याबसल्या एकेक पायरी घसरत उतरू लागले. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. "थांबा! मलाही घ्या रे!" रिक्षा निघून गेली.

ते खाली पोचले तेव्हा तिथे फक्त तावड्यांची सून होती. "शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलंय काकूंना. चला, तुम्हाला धरून वर सोडते."

"नको, पोरी. ती आली की बरोबरच जाऊ," म्हणत ते शेवटच्या पायरीवर टेकले.

सुनेचा फोन वाजला. ती बाजूला जाऊन हळू आवाजात बोलली. परत येऊन ती त्यांच्या शेजारी बसली, आणि सुजलेल्या पायाला धक्का लागणार नाही इतकं जपून तिने त्यांचा हात हातात घेतला.