माय रेग्युलर

"शेजाऱ्यांच्या दारावर नोटीस चिकटवलीय, माहितीय तुला?" आईला धरून आत शिरताच ताईनं विचारलं. "घर रिकामं करा म्हणून. आईच्या अक्षरात."

धाकट्या भावानं स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "फॉन्ट विकला की तो कुठे वापरायचा ते गिऱ्हाईक बघतं. आणि धमकी घरच्या माणसानं दिल्यासारखी वाटते ना, म्हणून तर घेतात."

ताईनं आईला खुर्चीत टेकवलं. अर्धांगाच्या झटक्यानं आईची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. समज लख्ख होती, पण तिच्याशी बोलायची तसदी घेणार कोण? भावानं तिच्या जुन्या पत्रांतून एकेक अक्षर उचललं आणि फॉन्टला नाव ठेवलं 'माय'. गोल, किंचित झुकलेलं, शब्दाच्या शेवटी रेघ जरा पुढे ओढलेली. एकेका अक्षराचे दोन-तीन नमुने, आलटूनपालटून येणारे, म्हणजे यंत्राचा वास यायला नको. आता आईचं अक्षर वेफर्सच्या पाकिटावर होतं, उंदराच्या औषधावर होतं, आणि कर्जवसुलीवाल्यांचं तर त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

"वसुलीवालेच आता फॉन्ट कायमचा विकत घेतायत," भाऊ म्हणाला. "आईची संमती हवी. अंगठा चालत नाही. हातानं लिहिलेली मागतायत."

"आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं, ताई? अमर केलंय मी तिला."

"तिला नाही, मेल्या. तिच्या हाताला. तिला मुतायला न्यायला मी आहे."

तिनं आईच्या डाव्या हातात पेन दिलं आणि कागद पुढे सरकवला. "आई, तूच सांग याला."

आईनं दात आवळले. पेन निसटलं, तिनं पुन्हा धरलं. काना खाली घरंगळला, वरची रेघ अक्षरांना सोडून भलतीकडेच गेली. कपाळावर घाम आला, पण हात थांबला नाही. शेवटी वाचता आलं: देणार नाही.

भावानं कागद उचलला, उजेडात धरला, जाणत्यासारखी मान हलवली.

"हे आईचं अक्षर नाही."

"तुझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय तिनं."

"असेल. पण ओळखणार कोण? आईचं अक्षर आता सगळं जग ओळखतं."

त्यानं खुर्ची वळवली. दोन-चार बटणं वाजली, प्रिंटर घरघरला. कागद त्यानं आईच्या मांडीवर ठेवला. निळ्या शाईत एकच ओळ होती: माझी काही हरकत नाही. 'काही'तला 'ही' वेगळा, 'नाही'तला 'ही' वेगळा.

आईनं वाचलं. अक्षर तिचंच होतं.