कॅसेटवाले

“कॅसेटवाले, जरा मागे घ्या ना ते. पोरगी पडते तिथपासून.”

मुलाने निमूटपणे कॅसेट मागे घेतली. पडद्यावर त्याची ताई पुन्हा एकदा सायकलवरून पडली आणि आई पुन्हा एकदा पोट धरून हसली. मग तिने अदबीने विचारलं, “चहा घेतलात का तुम्ही? सकाळपासून बसलाय बिचारे.”

कॅसेटवाले म्हणजे तिचा पोटचा मुलगा. वर्षभरापासून आईची आठवण विरत चालली होती, आणि तिचा न्यायही उफराटा होता. जुनं सगळं शाबूत, नवं साफ पुसलेलं. शाळेतल्या मैत्रिणी तिला नावानिशी आठवत. रोज हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणारा हा पन्नाशीचा टकलू मात्र तिच्या लेखी परका माणूस होता. आधी ती त्याला भाऊ म्हणायची. तो व्हीसीआर मांडून बसला तेव्हापासून कॅसेटवाले म्हणू लागली.

फितींना बुरशी लागायच्या आत सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यावं, हे त्याने लोकांना सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळंच होतं. त्या कॅसेटींमध्ये कुठेतरी दहा वर्षांचा तो सापडेल, आई त्या पोराला ओळखेल, आणि मग तिला सांगता येईल की आई, हा मीच. त्यासाठी त्याने रजा टाकली होती. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. तो डोळ्यांत तेल घालून स्वतःलाच शोधत बसला होता.

आणि सापडत नव्हता. सापडणार कसा? मामाने दिलेला तो अवजड कॅमेरा त्याने लहानपणी कधी दुसऱ्याच्या हाती लागूच दिला नव्हता. ताई होती, शेजाऱ्यांचं मांजर होतं, मामाच्या स्कूटरचं चाक पाच मिनिटं होतं. तो तेवढा नव्हता. चष्मेवाल्या पोरांना लोक ढापण्या म्हणतात. याला चष्मा नव्हता तरी आई ढापण्याच म्हणायची, कारण कॅमेरा कायम डोळ्याला. प्रत्येक कॅसेटचा शेवटही ठरलेला. आई कॅमेऱ्याकडे वळते, हात पुसून कानावरचे केस मागे सारते आणि म्हणते, “पुरे आता, ढापण्या. ठेव ते खाली.” की लगेच चित्र हेलकावतं, फरशी दिसते आणि खेळ खलास. पोरगं आईच्या शब्दाबाहेर नव्हतं.

“माझा ढापण्या नाही दिसला कुठे,” आई रोज संध्याकाळी म्हणायची.

एकदा न राहवून तो म्हणाला, “आई, मीच तो.”

आईने त्याच्याकडे मायेने पाहिलं. “अहो, तो एवढासा आहे,” म्हणून टेबलाच्या उंचीला हात धरून दाखवला. आपण याचं मन दुखावलं असं तिला वाटलं असावं. जरा वेळाने ती म्हणाली, “तुम्हालाही आई असेल ना? जा, एकदा भेटून या तिला.”

ताईला फोनवर हे सांगताना त्याने हसण्यावारी नेलं. “काखेत कळसा म्हणतात तो हाच रे,” ताई म्हणाली.

शेवटच्या कॅसेटवर त्याची भिस्त होती. तिच्यात मामाच्या नव्या कपाटाचा आरसा होता, आणि त्या आरशात आपण स्वतःला टिपलं होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. आरसा आला. हाफ पँट आली, खरचटलेले गुडघे आले, चुकीच्या काजात बटण घातलेला शर्ट आला. आणि वर जिथे तोंड असायला हवं, तिथे कॅमेरा. त्या पोराचा त्याला मनस्वी राग आला. गाढवा, एकदा तरी बाजूला घ्यायचा होतास. तो व्हीसीआर बंद करायला वाकला.

“थांबा,” आई खुर्चीत पुढे सरसावली. “हा काय. हाच माझा ढापण्या.”

“कशावरून? तोंड तर दिसत नाही त्याचं.”

“तोंड?” आईला त्याच्या अडाणीपणाची कीव आली. “अहो, त्याचं तोंड असंच आहे.”

मुलगा तसाच वाकलेला राहिला. मग तो उठला. कॅसेटींच्याच खोक्यात तळाशी कॅमेरा होता. बॅटरी केव्हाच मेलेली, पट्टा कुजलेला. त्याने तो खांद्यावर चढवला आणि उजवा डोळा भोकाला लावला. आत मिट्ट काळोख होता. कॅमेऱ्याच्या आडून त्याने डावा डोळा हळूच उघडला.

आईने हात गाऊनला पुसले. कानावरचे केस मागे सारले. मग तिने थेट भिंगात पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते पाहुण्यासाठीचं अदबशीर हसू कुठल्या कुठे गेलं.

“पुरे आता, ढापण्या,” ती म्हणाली. “ठेव ते खाली. किती दिवसांत तुझं तोंड बघितलं नाही मी.”

प्रत्येक कॅसेटमध्ये एवढं म्हटल्यावर कॅमेरा खाली गेला होता. आज पहिल्यांदाच त्याने आईचं ऐकलं नाही.